ऑनलाइन सर्किट सिम्युलेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं मुख्यतः शाळेतली मुलं, त्यांचे शिक्षक आणि डिप्लोमाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी यांच्यासाठी आहेत. उदाहरणं बहुतेक टिंकरकॅड या फुकट वेबसाइटची आहेत, कारण सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते. जिथे दुसरं साधन बरं, तिथे तसं सांगितलं आहे.

सिम्युलेटर आतमध्ये नेमकं करतो काय?

गणित, आणि फक्त गणितच. तुम्ही वायरी जोडता तेव्हा तो प्रत्येक जोडाला एक नंबर देतो. त्या जोडात जितका करंट येतो तितकाच बाहेर गेला पाहिजे, हा किरखॉफचा नियम. प्रत्येक जोडासाठी तसं एकेक समीकरण मांडून तो सगळी एकदम सोडवतो. डायोड, एलईडी, ट्रान्झिस्टर आले की समीकरणं सरळ राहत नाहीत. मग तो एक अंदाज धरतो, तपासतो, सुधारतो आणि उत्तर स्थिरावेपर्यंत हेच करत राहतो. त्यानंतर वेळ किंचित पुढे सरकवून पुन्हा पहिल्यापासून.

ही पद्धत जुनीच आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून १९७३ साली स्पाइस नावाचा प्रोग्रॅम बाहेर आला आणि आजचे बहुतेक सिम्युलेटर त्याच घराण्यातले किंवा त्याच विचारावर चालणारे आहेत. फरक इतकाच की तेव्हा सर्किट अक्षरांत लिहून द्यावं लागायचं, आता माउसने ओढता येतं.

हे आधी सांगण्याचं कारण म्हणजे खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं यातच आहेत. सिम्युलेटरला जे सांगितलं तेवढंच त्याला कळतं. वायर सैल आहे, रेझिस्टर तापला आहे, बॅटरी महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून होती, हे कोणी त्याला सांगितलेलंच नसतं.

टिंकरकॅड, फॉलस्टॅड, वोक्वी. यातलं कोणतं घेऊ?

काय करायचंय त्यावर ठरवा.

ब्रेडबोर्ड (डाग न देता घटक खोचून जोडायचा भोकांचा बोर्ड) कसा असतो, एलईडीचा कोणता पाय कुठे, मल्टिमीटर कसा लावायचा हे शिकायचं असेल तर टिंकरकॅड. पडद्यावरची वस्तू दुकानातल्या वस्तूसारखीच दिसते, हा त्याचा मोठा गुण. ऑटोडेस्क कंपनीने टिंकरकॅड २०१३ मध्ये घेतलं आणि २०१७ मध्ये आपलं आधीचं सर्किटचं साधन त्यात आणलं. म्हणूनच थ्रीडी आकार बनवायच्या साइटवर सर्किटचा विभाग दिसतो.

करंट वाहतो म्हणजे काय होतं, कपॅसिटर भरतो कसा, रिकामा होतो कसा, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर फॉलस्टॅडला तोड नाही. पॉल फॉलस्टॅड यांनी ते आधी जावात लिहिलं होतं, पुढे इयन शार्प यांनी ते ब्राउझरमध्ये थेट चालेल असं केलं. हिरवी वायर म्हणजे धन व्होल्टेज, करडी म्हणजे शून्य, लाल म्हणजे ऋण, आणि पिवळे ठिपके करंटच्या वेगाने सरकतात. दिसायला रूक्ष आहे. पण पुस्तकातला कपॅसिटरचा आख्खा धडा वाचूनही जे डोक्यात शिरत नाही, ते पिवळे ठिपके हळूहळू थांबताना पाहिलं की शिरतं.

ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको असले प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड आणि त्यांचा प्रोग्रॅम तपासायचा असेल तर वोक्वी. टिंकरकॅडमध्ये ईएसपी३२ नाही. वोक्वीत वायफायसुद्धा लटकं मिळतं, त्यामुळे इंटरनेटवरून माहिती आणणारा प्रोजेक्ट बोर्ड विकत न घेता करून बघता येतो. पण वोक्वीचा भर प्रोग्रॅमवर आहे, करंट-व्होल्टेजच्या हिशेबावर नाही. तिथे एलईडीला रेझिस्टर लावला नाही तरी तो सुखरूप राहतो. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये असं आमचं मत त्यामुळेच आहे.

पैसे लागतात का? फोनवर चालतं का?

टिंकरकॅड आणि फॉलस्टॅड फुकट आहेत. वोक्वीचंही नेहमीचं काम फुकटात भागतं. टिंकरकॅडला खातं उघडावं लागतं, फॉलस्टॅडला तेही नाही. फोनच्या पडद्यावर ब्रेडबोर्डचं भोक बोटाखाली झाकलं जातं, तेव्हा लॅपटॉप किंवा शाळेतला संगणक बरा. जुना, कमी मेमरीचा असला तरी ब्राउझर नवा ठेवा म्हणजे निभावतं.

पहिलं सर्किट कोणतं करू?

९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, एक रेझिस्टर. हसू नका, यातच पुष्कळ आहे.

आधी मुद्दाम रेझिस्टरशिवाय जोडा. सिम्युलेशन सुरू केलं की एलईडीवर स्फोटाची चांदणी दिसेल. तिच्यावर माउस नेलात तर करंट किती झाला आणि २० मिलिअँपिअरच्या पुढे जायला नको होतं, हे लिहून येतं. दुकानातला एलईडी असा गेला असता तर नुसता विझला असता आणि कारण कळलंच नसतं. पडद्यावर तो गेला का, किती करंटने गेला, हे कळतं. काहीही न जाळता इतकं शिकायला मिळणं ही सिम्युलेटरची खरी कमाई.

आता हिशेब. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. उरले ७ व्होल्ट. २० मिलिअँपिअर हवे तर ७ भागिले ०.०२, म्हणजे ३५० ओहम. बाजारात सहज मिळणाऱ्या किमती ३३० आणि ३९०. ३३० घेतला तर करंट २१ मिलिअँपिअर, ३९० घेतला तर १८. आपण ३९० घेतो. डोळ्याला फरक कळत नाही आणि एलईडी निवांत राहतो.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा अडखळतो. टिंकरकॅडमध्ये रेझिस्टर ओढला की तो १ किलोओहमचा येतो. आकड्याच्या चौकटीत ३९० लिहिता, पण शेजारच्या चौकटीत एकक किलोओहमच राहतं. झाला ३९० किलोओहम! करंट उरतो ०.०२ मिलिअँपिअरच्या आसपास आणि एलईडी मेल्यासारखा. ‘सर, वायरी सगळ्या बरोबर आहेत’ अशी तक्रार आली की आधी रेझिस्टरचे पट्टे बघावेत. ३९० ओहमला केशरी, पांढरा, तपकिरी. तिसरा पट्टा पिवळा दिसला तर एकक चुकलंय. आकडा बदलला की पट्टे आपोआप बदलतात, त्यामुळे कलर कोड पाठ करायला वेगळं बसावं लागत नाही.

सगळं जोडलंय, चांदणीही नाही, तरी एलईडी लागत नाही. का?

तीन कारणं पुन्हा पुन्हा सापडतात.

एलईडी उलटा असेल. टिंकरकॅडच्या चित्रात वाकलेला पाय धन आहे. खऱ्या एलईडीत लांब पाय धन.

दोन्ही पाय ब्रेडबोर्डच्या एकाच पाचाच्या गटात असतील. मधल्या खाचेच्या अलीकडची पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात, पलीकडची पाच वेगळी एकमेकांना. एकाच गटात दोन्ही पाय खोचले म्हणजे एलईडीला आतल्या पट्टीनेच बगल मिळाली. भोकावर माउस धरा, त्याच्याशी जोडलेली भोकं उजळतात. बोर्ड कसा जोडलेला आहे हे तोंडाने समजावण्यापेक्षा अर्धा मिनिट माउस फिरवणं बरं.

आणि तिसरं, वायर भोकात न बसता भोकाशेजारी टेकली असेल. पडद्यावर ती जोडलेली दिसते, पण प्रोग्रॅमच्या लेखी हवेत असते. चित्र मोठं करून बघा.

मल्टिमीटर भलतंच रीडिंग दाखवतो. बिघडलाय का?

पडद्यावरचा मल्टिमीटर बिघडत नाही. तो व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स यातल्या कोणत्या खुणेवर आहे ते बघा. व्होल्टेज मोजताना तो घटकाच्या समांतर लागतो, करंट मोजताना वायर तोडून मधे. करंटच्या खुणेवर ठेवून तो थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर आकडा अवाढव्य येतो, कारण तुम्ही बॅटरी शॉर्ट केलीय. टेबलावर, म्हणजे खऱ्या सामानावर, असं केलं की मीटरचा फ्यूज जातो, आणि मग पुढचा आठवडाभर सगळे ‘मीटर शून्यच दाखवतो’ म्हणत बसतात.

रेझिस्टन्स मोजताना सप्लाय काढून ठेवायचा. चालू सर्किटमध्ये मोजलेले ओहम कशाचेच नसतात.

मला सी भाषा येत नाही. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) वापरता येईल?

येईल. टिंकरकॅडच्या कोडच्या खिडकीत ठोकळ्यांचा पर्याय आहे. ठोकळे आणि अक्षरं शेजारी शेजारी दाखवणारा पर्यायही आहे, तो निवडा. ‘१३ नंबरची पिन चालू कर’ हा ठोकळा ठेवला की उजवीकडे त्याची सीमधली ओळ उमटते. मुलं काही दिवसांतच आपणहून त्या ओळीतला आकडा बदलायला जातात. तिथून पुढे अक्षरांवर जा. उलट्या वाटेचा मात्र भरवसा नाही, अक्षरांत केलेले बदल ठोकळ्यांत परत येत नाहीत.

सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी मोटार), एलसीडी, कीपॅड यांच्या नेहमीच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, आहेत. तुमच्या मनात असलेली प्रत्येक लायब्ररी असेलच असं नाही. प्रोजेक्ट ठरवायच्या आधी यादी उघडून बघा.

बटन दाबलेलं नसतानाही आर्डुइनोला दाबल्यासारखं का वाटतं?

पिन अधांतरी आहे म्हणून. बटन सुटलेलं असताना ती पिन ना ५ व्होल्टला जोडलेली असते ना ग्राउंडला. अशी पिन आसपासच्या वायरीतून, तुमच्या हातातूनसुद्धा, काहीबाही उचलते. सिम्युलेटरमध्ये ती पुष्कळदा शहाण्यासारखी शून्यावर बसते, आणि म्हणून ही चूक पडद्यावर लपते नि टेबलावर वर येते.

१० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावा. नाहीतर प्रोग्रॅममध्ये पिन ‘इनपुट पुलअप’ म्हणून जाहीर करा आणि बटनाचं दुसरं टोक ग्राउंडला न्या. आर्डुइनो उनो या बोर्डाच्या चिपमध्येच २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर आहे, तो कामाला लागतो. मग दाबलेलं म्हणजे शून्य आणि सुटलेलं म्हणजे एक, हे उलटं लक्षात ठेवायचं.

बटनाचे चार पाय दोन जोड्यांत आधीच जोडलेले असतात हेही बघा. बटन चुकीच्या दिशेने बसवलं तर ते कायम दाबलेलंच.

५५५ या टायमर चिपचं सर्किट केलं. एलईडी सेकंदाला एकदा लागायला हवा, पण फारच रेंगाळतो.

हिशेब चुकलाय की संगणक दमलाय हे आधी वेगळं करा. पहिला रेझिस्टर १० किलोओहम, दुसरा ६८ किलोओहम, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट म्हणजे १४६ किलोओहम, त्याला कपॅसिटरने गुणा आणि पुन्हा ०.६९३ ने. उत्तर १.०१ सेकंद. एलईडी चिपच्या तीन नंबरच्या पायापासून ग्राउंडकडे जोडलेला असेल तर ०.५४ सेकंद चालू, ०.४७ सेकंद बंद. ही दोन्ही सारखी का येत नाहीत? कपॅसिटर भरताना करंट दोन्ही रेझिस्टरांतून येतो, रिकामा होताना फक्त दुसऱ्यातून जातो.

आता सिम्युलेशनचं घड्याळ बघा. ते भिंतीवरच्या घड्याळाबरोबर चालेलच असं नाही. घटक वाढले, किंवा सर्किटमध्ये झपाट्याने बदलणारं काही असलं की संगणकाला एका सेकंदाचा हिशेब करायला अनेक सेकंद लागतात. घड्याळात एक सेकंद सरकताना एलईडी एकदा लागत असेल तर सर्किट बरोबर आहे, यंत्र मंद आहे. बाकीच्या टॅब बंद करा, नको असलेला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) काढून टाका.

सिम्युलेटरमध्ये व्यवस्थित चालतं, टेबलावर मात्र नाही. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर सर्किटगणिक वेगळं असतं.

बॅटरीपासून सुरुवात करा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटार किंवा सर्व्हो चालवायला बनलेलीच नाही. तिच्या आतला रेझिस्टन्स मोठा असतो, मोटार सुरू होताना जास्त करंट मागते, व्होल्टेज कोसळतं आणि आर्डुइनो रीसेट होतो. प्रोजेक्ट ‘मधेच पहिल्यापासून सुरू होतो’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा हेच असतं. पडद्यावरची बॅटरी असला दगा देत नाही. मोटारीला वेगळा सप्लाय द्या, पण दोन्ही सप्लायचे ग्राउंड एकमेकांना जोडायला विसरू नका.

मग आर्डुइनोची पिन. एका पिनमधून ४० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा, वापरात २०च्या आत राहावं. मोटार पिनला थेट लावायची नाही, मधे ट्रान्झिस्टर आणि मोटारीच्या टोकांवर उलटा डायोड. मोटार बंद होताना तिची गुंडाळी उलट दिशेने मोठं व्होल्टेज फेकते, तो झटका डायोड झेलतो. १एन४००७ चालतो.

ट्रान्झिस्टरचे पाय हा वेगळाच सापळा. आपल्याकडे सहज मिळणारा बीसी५४७ सपाट बाजू आपल्याकडे करून धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्या नंबरच्या ट्रान्झिस्टरचा क्रम निराळा असू शकतो. पडद्यावर पायावर माउस नेला की नाव येतं, हातातल्यावर येत नाही, तिथे डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेलं माहितीपत्रकच बघायचं. शिवाय बीसी५४७ची झेप १०० मिलिअँपिअरपर्यंतच. पडद्यावरच्या ट्रान्झिस्टरने मोटार फिरवली म्हणून हा फिरवेल असं नाही.

रेझिस्टरचे वॉट कोणी मोजत नाही. १०० ओहम ९ व्होल्टला थेट जोडला तर त्यात ०.८१ वॉट उष्णता होते. नेहमीचा रेझिस्टर पाव वॉटचा. बोट भाजेल, मग वास येईल.

किमतीही कागदावरच्या नसतात. स्वस्त रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर २० टक्केसुद्धा. वरचा ५५५ टेबलावर ०.८ किंवा १.२ सेकंदांचा निघाला तर घाबरू नका.

आणि शेवटी सगळ्यात कंटाळवाणं, पण सगळ्यात जास्त आढळणारं कारण: लूज कॉन्टॅक्ट. जंपर वायर बाहेरून धडधाकट, आत तुटलेली. काही लांब ब्रेडबोर्डांत कडेची लाल-निळी पट्टी मधोमध तुटलेली असते आणि अर्ध्या बोर्डाला सप्लायच पोहोचत नाही. मीटर कंटिन्युइटीच्या (जोड अखंड आहे का ते तपासणाऱ्या) खुणेवर ठेवून एकेक वायर वाजवून घ्या.

याच्या उलटही होतं का? टेबलावर चालतं, पण सिम्युलेटरमध्ये नाही?

होतं, आणि ते जास्त गमतीचं आहे. दोन ट्रान्झिस्टरांचं, आळीपाळीने दोन एलईडी लावणारं मल्टिव्हायब्रेटर घ्या. टेबलावर सप्लाय देताच लुकलुकायला लागतं. स्पाइस पद्धतीच्या सिम्युलेटरमध्ये मात्र दोन्ही एलईडी एकदम लागतात आणि तसेच राहतात.

कारण पडद्यावर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत. सुरुवात करायची कोणी? शिवाय असा सिम्युलेटर आधी ‘सगळं स्थिरावलेलं आहे’ असं धरून पहिलं उत्तर काढतो, त्यात दोन्ही ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असतात आणि तिथून हलायला कारणच उरत नाही. टेबलावर दोन ट्रान्झिस्टर जुळे नसतात आणि सप्लाय शून्यापासून चढत येतो, त्या चढणीत एक जण पुढे निघून जातो. उपाय: एका कपॅसिटरला सुरुवातीचं व्होल्टेज द्या, किंवा सप्लाय शून्यापासून चढता ठेवा. फॉलस्टॅडमध्ये कपॅसिटरच्या गुणधर्मांतच सुरुवातीच्या व्होल्टेजची जागा आहे.

स्पाइसमध्ये ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ असा निरोप आला तर बहुधा ग्राउंड द्यायचं राहिलंय किंवा एखादा जोड अधांतरी आहे. व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचं हेच कळलं नाही तर समीकरणं सुटणार कशी?

घरातल्या २३० व्होल्टचं सर्किट सिम्युलेटरमध्ये करून बघितलंय. आता खरं करू का?

नाही. सिम्युलेटरला शॉक लागत नाही, म्हणून तो तुम्हाला सावधही करत नाही. रिले (छोट्या करंटने चालणारं स्विच) बरोबर लागतो की नाही एवढंच तो सांगेल. वायरीचं इन्सुलेशन, अर्थिंग, फ्यूज, दोन पट्ट्यांमधलं अंतर यातलं काहीही त्याच्या हिशेबात नाही. विद्यार्थ्यांनी ५ ते १२ व्होल्टच्या आतच राहावं. रिलेच्या पलीकडे मेनच्या बल्बऐवजी १२ व्होल्टचा दिवा लावा, प्रात्यक्षिकात तेवढाच दिसतो.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला हे पुरेल?

ॲम्प्लिफायर, फिल्टर, फ्रिक्वेन्सीचा आलेख हे आलं की टिंकरकॅड अपुरं पडतं. तेव्हा आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम घ्या. ते फुकट आणि मुक्त आहे, आत आकृती काढायला किकॅड आणि हिशेबाला एनजीस्पाइस आहेत, म्हणजे सर्किटच्या आकृतीपासून पीसीबीपर्यंत (छापील सर्किट बोर्डापर्यंत) जाता येतं. ते ब्राउझरमध्ये नाही, संगणकावर उतरवून घ्यावं लागतं. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात बऱ्याच विषयांचे धडे मराठी आवाजातही आहेत. इंग्रजीला बिचकणाऱ्यांनी तिथे जरूर डोकावावं.

शाळेत वर्गाला शिकवायचंय. काय ध्यानात ठेवू?

टिंकरकॅडमध्ये शिक्षकाला वर्ग तयार करता येतो. मुलं वर्गाच्या कोडने आत येतात, प्रत्येकाला ईमेल लागत नाही आणि कोणाचं काम कुठवर आलंय ते तुम्हाला दिसतं. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सामान कपाटात असतंच. आधी पडद्यावर, मग लगेच त्याच तासाला टेबलावर असा क्रम ठेवा. पडद्यावरचं आज आणि टेबलावरचं पुढच्या महिन्यात असं केलं की दोन्ही वाया जातं. दोघांत एक संगणक चालतो, तिघांत नाही. तिसरा खिडकीबाहेर बघतो.

सामान कुठून आणू?

टिंकरकॅडमध्ये सर्किटच्या सगळ्या घटकांची यादी एका खुणेवर निघते आणि फाइल म्हणून उतरवता येते. ती घेऊन पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. रेझिस्टर, एलईडी, बटनं सुटी घेऊ नका, पुडी घ्या. जंपर वायरींवर पैसे वाचवू नका. मल्टिमीटर मात्र पहिला स्वस्तातला चालेल, पण कंटिन्युइटीला ‘बीप’ वाजणारा आणि फ्यूज बदलता येईल असा बघून घ्या.

सर्किट अडलंय. मदत कशी मागू?

पडद्याचा फोनने काढलेला तिरका फोटो पाठवू नका, त्यात वायर कोणत्या भोकात आहे ते दिसत नाही. फॉलस्टॅडमध्ये सर्किटची लिंक तयार होते आणि सगळं सर्किट त्या लिंकमध्येच असतं. उघडणाऱ्याला ते जसंच्या तसं चालू मिळतं. टिंकरकॅडमध्ये आधी डिझाइन सार्वजनिक करा किंवा सहभागाची लिंक द्या. सहभागाच्या लिंकवरून समोरचा तुमच्या सर्किटमध्ये बदलही करू शकतो, तेव्हा आधी एक प्रत काढून तिचीच लिंक पाठवा. सोबत दोन ओळी लिहा: काय व्हायला हवं होतं, आणि कोणत्या दोन जोडांमध्ये किती व्होल्ट मिळाले.